डोळे तेवढे राहिलेत

माझ्या सख्ख्या मुलीनं माझा सूर्य नापास केला. शंभरात चार मार्क.

सूर्य चांगला झाला होता. हे माझं मीच सांगते, कारण त्या दिवशी दुसरं कोणी सांगायला तयार नव्हतं. हळदीच्या पिवळ्यापासून शेंदरीपर्यंत चढवत नेलेला, कडेला किंचित केशरी सांडलेला. तीस वर्षं मी मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढतेय. माझ्या पिवळ्यासाठी प्रकाशक फोन करतात. आणि सानिका, जिच्या हातात पहिला खडू मी दिला, ती स्क्रीनवरून मान वर न करता म्हणाली, "आई, हा नाही चालणार. करंटच नाही ह्याच्यात."

"सूर्यात करंट नाही?"

"सूर्यात आहे. तुझ्या सूर्यात नाही."

आमच्या घरातलं तिसरं माणूस म्हणजे सानिकाचे बाबा. ते उठून गच्चीवर झाडांना पाणी घालायला गेले. भांडण सुरू झालं की ते हेच करतात. त्या महिन्यात आम्हा दोघींची इतकी भांडणं झाली की दोन कुंड्यांतली झाडं मुळाशी कुजली.

भांडण ज्या शाईवरून होतं ती काय भानगड आहे ते आधी सांगते, म्हणजे कळेल. सानिका ज्या प्रयोगशाळेत काम करते तिथे कागदावर छापता येणारी सौरशाई तयार झाली होती. छपरावरच्या निळ्या पॅनेलचं जे काम, तेच ही शाई करते. उजेड पिते आणि वीज सोडते. अशा शाया आधीही होत्या, पण त्यांत शिसं असायचं, आणि सात वर्षांचं पोर पुस्तक वाचण्याआधी चाटून बघतं. सानिकाच्या गटानं शिसं काढून टाकलं. शाई निर्धोक झाली आणि साहजिकच थोडी अशक्तही झाली.

तिच्यातून पहिलं पुस्तक काढायचं ठरलं ते तिसरीच्या मुलांसाठी. विषय ऊन, वारा, तापत चाललेली पृथ्वी आणि धूर न काढता मिळणारी वीज. ह्या मुलांना तापमानवाढ शिकवावी लागत नाही. उन्हाळ्यात त्यांची शाळा सकाळी साडेसहाला भरते आणि दहाला सुटते. ती तशी का, हे त्यांना कातडीनं ठाऊक आहे. शिकवायचं ते त्याच्या पुढचं. म्हणून पुस्तकाच्या वरच्या कडेला नखाएवढी मोटर आणि तिच्यावर कागदाची भिंगरी. पान उन्हात उघडलं की चित्र वीज करणार आणि भिंगरी फिरणार. चित्रावर तळहात ठेवला की थांबणार. सौरऊर्जेवर उपदेशाचं एकही वाक्य नको, असं सानिकानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तेव्हा मला पोरीचा फार अभिमान वाटला होता. तो आठवडाभर टिकला.

कारण रंगाचं गणित. एखादी वस्तू आपल्याला पिवळी दिसते, म्हणजे तिनं तो उजेड आपल्याकडे परत फेकलेला असतो. जो परत फेकला तो ती प्यायली नाही, आणि जो प्यायली नाही त्याची वीज होत नाही. पांढरा सगळंच परत करतो. पिवळा बराचसा परत करतो. जांभळा, नीळ, वांगी, चॉकलेटी हे गडद रंग मात्र आलेला उजेड गिळून बसतात, आणि गिळतात म्हणूनच कमावतात. म्हणजे मी ज्या रंगांवर संसार केला ते सगळे आळशी, आणि ज्यांना सुतकी म्हणून कपाटाच्या तळाला ठेवलं ते कामसू. काळ्या रेघांचं आणखी वेगळं. त्या कार्बनच्या शाईच्या. त्यांनी वीज करायची नाही, वाहून न्यायची. चित्राची बाहेरची रेघ हीच तार.

सानिकाकडे चित्राला मार्क देणारा प्रोग्रॅम होता. ढगाळ दिवशीसुद्धा भिंगरी फिरायची तर साठ मार्क हवेत. माझी बारा चित्रं चार ते बावीसच्या मधे लोळत होती.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात तिनं माझ्यापुढे दुसरी बारा चित्रं ठेवली.

"ही प्रोग्रॅमनं स्वतःच काढलीत," ती म्हणाली. "चौऱ्याऐंशीच्या खाली एकही नाही."

मी चष्मा लावून पाहिली. निळंकाळं आभाळ, निळीच माणसं, चॉकलेटी सूर्य. वाईट नव्हती, उलट नीटनेटकी होती. कुणाशीही ओळख नसलेल्या माणसानं काढावीत तशी.

"निंबाळकर मॅडमना चालतील," सानिका म्हणाली. निंबाळकर मॅडम शिक्षण खात्यातल्या. पुस्तक राज्यभरच्या शाळांत जायचं की नाही हे त्यांच्या सहीवर होतं. "ऑगस्टच्या शेवटी एका शाळेत चाचणी आहे. तोवर तुझी साठच्या वर गेली नाहीत, तर मला ही द्यावी लागतील. मला आवडणार नाही, आई."

"आवडणार नाही, पण देशील."

"देईन."

खोटं बोलली नाही, माझीच पोर. पण मला फार लागलं ते. राग प्रोग्रॅमचा नव्हता. शिकली, मोठी झाली, आणि पहिल्यांदाच तिनं तिच्या कामातलं काही माझ्याकडे मागितलं होतं. ते मला जमत नव्हतं आणि माझ्या जागी दुसरंच काही येऊन बसत होतं, ह्याचं दुःख होतं.

रागावले की मी दादाकडे जाते. आमचं माहेर मूर्तिकारांचं, कोल्हापुरातच, कुंभार गल्लीत. गणपती दोन महिन्यांवर आले होते. चार दिवसांच्या झडीनंतर लख्ख ऊन पडलं होतं, म्हणून दादानं आणि त्याच्या माणसांनी मूर्ती वाळायला अंगणात काढल्या होत्या.

"काय गं शैला, त्वांड का असं झालंय?" दादा म्हणाला.

"पोरीनं नापास केलं."

"कशात?"

"सूर्यात."

दादा पोट धरून हसला. "बरं बरं. आधी सावलीला बस जरा. च्या सांगतो."

मी छपराखाली बसले आणि चहा येईपर्यंत अंगणाकडे बघत राहिले. पन्नासेक मूर्ती, नुसता सफेदा दिलेल्या, अजून रंग न लागलेल्या, पांढऱ्याफेक. त्या उन्हात त्यांच्याकडे बघवत नव्हतं. पांढऱ्यात पांढरं मिसळून गेलेलं. तरी प्रत्येक मूर्ती नीट दिसत होती, ती कशामुळे? पोटाखालची सावली, सोंडेच्या वळणातली सावली, जमिनीवर पडलेली सावली. आणि त्या सावल्या काळ्या नव्हत्या. जांभळ्या होत्या, निळ्या होत्या, कडेला वांगी होत्या.

तीस वर्षं मी ऊन रंगवत होते, आणि उन्हाला रंग नसतो. ऊन दिसतं ते सावलीमुळे. चहा आला तेव्हा मी अंगण ओलांडून घराच्या वाटेला लागले होते.

"अगं च्या!" दादा ओरडला.

"तूच पी!"

बाराच्या बारा चित्रं मी नव्यानं काढली. चिंचेखाली बसलेली म्हैस, तिच्या पाठीवर पानांची नक्षी. शाळेच्या मैदानावरून सरकत जाणारी पवनचक्कीच्या पात्याची सावली आणि तिच्यावरून उड्या मारणारी पोरं. आजीनं अंगणात मांडलेली सूर्यचूल आणि तिच्या आडोशाला झोपलेलं मांजर. जिथे ऊन, तिथे मी कुंचला टेकवलाच नाही. कोरा कागद सोडला. बाकी सगळी सावली गच्च भरली. सूर्याच्या पानावर तर सूर्याच्या जागी काहीच नाही, भाकरीएवढा पांढरा कागद, आणि भोवतीनं गर्द आंबराई.

बाकीची अकरा साठच्या वर गेल्यावर सानिकानं ते पान प्रोग्रॅमला दाखवलं. बहात्तर. ती आकड्याकडे न बघता चित्राकडेच बघत राहिली.

"आई, हा सूर्य डोळ्यांवर येतोय गं," ती म्हणाली, आणि खरंच तिनं डोळे बारीक केले होते.

मी कुंचले धुवायला घेतले. बोलले असते तर रडले असते. घरात भांडणाचा आवाज येत नाही म्हणून तिचे बाबा खाली येऊन काय झालं ते विचारून गेले.

आता एक गोष्ट मी तिला सांगितली नव्हती. लपवली नाही, सांगायची असते हेच माझ्या डोक्यात आलं नाही. आमच्या माहेरी मूर्तीचे डोळे सगळ्यांत शेवटी करतात. माती कुणीही मळो, रंग कुणीही देवो, डोळ्यांची आखणी करतो तो घरातला कर्ता माणूस, आणि तीही मूर्ती न्यायला गिऱ्हाईक दारात आलं की. आखणी ज्यानं केली त्याची मूर्ती, असंच सगळे मानतात. माझा हात दादापेक्षा स्थिर होता. वडील हे चारचौघांत सांगायचे आणि आखणीचा कुंचला दादाच्या हातात द्यायचे. मुलीच्या हातची आखणी लोकांना चालायची नाही म्हणून. मी पुस्तकांच्या चित्रांकडे वळले ती खरं तर ह्यासाठी, हे आज कबूल करते. पुस्तकातले डोळे माझे होते. आजवरच्या प्रत्येक पुस्तकात मी ते शेवटच्या दिवशी काढले, सकाळी अंघोळ करून, खिडकीशी बसून, सगळे एका बैठकीत. ते झाले की पुस्तक माझं.

त्यामुळे चाचणीसाठी चाळीस प्रती छापायला गेल्या, त्या डोळ्यांविना गेल्या, आणि छापून चाचणीच्या सकाळी थेट शाळेत आल्या. चाचणीच्या प्रतीला कोण डोळे काढतं? सानिका तेव्हा मार्क बघत होती, आणि डोळ्यांएवढ्या जागेनं मार्कांत काही फरक पडत नव्हता.

चाचणी पांढरमळीच्या शाळेत होती. शाळा लहान, पण मैदान मोठं. तिसरीची अडतीस मुलं ओळीनं बसली. आभाळात पातळ ढग होते. सानिकाला हवे तसेच. निंबाळकर मॅडम खुर्चीत, त्यांच्याशेजारी वर्गाच्या बाई. सानिका म्हणाली, "उघडा पुस्तक!" अडतीस पुस्तकं उघडली.

एकही भिंगरी हलली नाही.

सानिकानं एक प्रत उचलली, उलटी केली, सुलटी केली, मोटर बोटानं फिरवून पाहिली. दुसरी उचलली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. लहानपणी पाढा अडला की व्हायच्या तशाच.

तेवढ्यात पुढच्या ओळीतली एक मुलगी खणखणीत आवाजात म्हणाली, "ओ बाई, ह्यास्नी डोळंच न्हाईत!"

अख्खी तिसरी हसली. "म्हशीला बी न्हाईत!" "आजीला बी न्हाईत!"

सानिकानं पानाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. "आई," ती हळू म्हणाली, "बुबुळं कुठायत?"

"शेवटी काढते ना मी."

"जोड तिथे आहेत, आई. सगळ्या चित्रांत हमखास काळा असणारा ठिपका तेवढाच, म्हणून तार मी तिथूनच पानाच्या मागे नेलीये. बुबुळ नाही म्हणजे तार तुटलेली."

"हे तू मला सांगितलं नाहीस."

"आणि तू मला सांगितलंस?"

निंबाळकर मॅडम सगळं ऐकत होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "सानिका, ती दुसरी चित्रं आहेत ना तुमच्याकडे? त्यांना डोळे आहेत. छपाईला आपल्याकडे फार दिवस नाहीत." सानिकानं मान खाली घातली. दोन महिन्यांची माझी मेहनत, आणि माझ्याच सवयीनं माझी पोर चारचौघांत तोंडावर पडली होती.

मघाची मुलगी मात्र आमच्याकडे बघत नव्हती. साजिदा तिचं नाव, हे मागाहून कळलं. जीभ दातांत धरून ती पेन्सिलीनं म्हशीला डोळा काढत होती. काढत कसली, घोटत होती; कागद फाटेल की काय असं वाटलं. एक डोळा झाला. दुसरा केला, पहिल्याच्या दुप्पट मोठा. भिंगरीनं एक आचका दिला. साजिदानं डोळा आणखी घोटला. भिंगरी अडखळली, आणि मग फिरायला लागली.

"फिराय लागली!" ती उभीच राहिली. "बाई, माझी फिराय लागली!"

सानिका धावली. तिनं डोळ्यावरून बोट फिरवलं, बोटावरचा काळा चकचकीत डाग पाहिला आणि मैदानात सगळ्यांसमोर कपाळावर हात मारून घेतला. "ग्राफाइट! आई, पेन्सिल! पेन्सिलीत ग्राफाइट असतं, तेही कार्बनच!"

शिसपेन्सिल नुसतं नाव. आत शिसं औषधालाही नसतं. असतो तो कार्बन, आणि दाबून घोटला तर वीज नेण्याएवढा जाड बसतो. पोरीनं तुटलेली तार जोडली होती.

मग काय विचारता! अडतीस पेन्सिली निघाल्या. हलक्या हातानं काढणाऱ्यांची भिंगरी फिरेना, तेव्हा साजिदाच सगळ्यांना सांगत हिंडली, "घोटा रं, दाबून घोटा!" माझ्या म्हशीला पापण्या आल्या. आजीला चकणे डोळे आले. कुणी मांजराला चष्मा लावला. एकानं तर सूर्यालाच डोळे काढले, ज्यांचा विजेशी काही संबंध नव्हता. आणि एकेका ओळीतून भिंगऱ्या सुटत गेल्या, पांढऱ्या, भिरभिरत्या, आणि पोरं चित्रावर हात ठेवून त्या थांबवत होती, काढून पुन्हा सोडत होती.

खरं सांगते, मला आनंद झाला तो नंतर. आधी छातीत कळ आली. माझ्या चित्रांची आखणी दुसरंच कुणी करत होतं, तीही माझ्यासमोर.

निंबाळकर मॅडम उठून मुलांमध्ये फिरून आल्या. "हे असंच छापा," त्या म्हणाल्या. "डोळे कोरे."

"ते आई ठरवेल," सानिका म्हणाली. "चित्रं तिची आहेत. तिनं डोळे काढले तरी भिंगऱ्या फिरतीलच."

मॅडमनी भुवया उंचावल्या. "बरं. दोन्ही चालेल मला. दोन दिवसांत सांगा."

परतताना गाडीत सानिका एवढंच म्हणाली, "उद्या सकाळी बसतेस का? मी चहा करते." मी तिच्याकडे बघितलं. डोळे कोरे राहिले तर तिच्या शाईचा केवढा बोलबाला झाला असता, हे न कळण्याएवढी मी अडाणी नाही. ती तो माझ्यासाठी सोडायला निघाली होती.

सकाळी अंघोळ करून मी खिडकीशी बसले. बारा पानं, त्रेपन्न जोड्या डोळे. ऊन चांगलं होतं, हात स्थिर होता. म्हशीवर कुंचला नेला आणि तसाच धरून ठेवला.

मी डोळे काढले तर भिंगरी आपोआप फिरणार. पोर म्हणणार, मस्त आहे, आणि दुसऱ्या दिवशी दुसरं खेळणं मागणार. बाजारात आपोआप फिरणाऱ्या गोष्टी ढिगानं आहेत. साजिदा ओरडली ती भिंगरी फिरली म्हणून नव्हे, तिनं फिरवली म्हणून. पृथ्वी तापलीय, आता काय करायचं, असं पुस्तकभर विचारायचं आणि करण्यासारखं एकुलतं एक काम मीच उरकून टाकायचं? पण हेही खरं, की कुंचला खाली ठेवायला माझा हात तयार नव्हता. तो हात लहानपणापासून ह्याच कामासाठी थांबलेला होता. वडिलांचा राग येऊन गेला, दादाचा येऊन गेला. मग वाटलं, कुंचला आता माझ्या हातात आहे. तो कुणाला द्यायचा हे आज मी ठरवणार.

सानिका चहा घेऊन आली.

"डोळे कोरे ठेव," मी म्हटलं.

"नक्की?"

"परत विचारू नकोस, नाही तर काढीन."

तिनं कप खाली ठेवला आणि मागून मला गच्च मिठी मारली. एवढ्या मोठ्या पोरीनं. चहा गार झाला.

पुस्तक जानेवारीत निघालं. जूनमध्ये मी चंदगडकडे एका लग्नाला गेले होते. परतीच्या बसला वेळ होता, म्हणून थांब्याशेजारच्या शाळेच्या पायरीवर टेकले. दोन पायऱ्या वर एक मुलगी मांडीवर पुस्तक उघडून बसली होती आणि तिची भिंगरी जोरात फिरत होती.

"काय वाचतेस गं?" मी विचारलं.

"वाचत न्हाई," ती म्हणाली. "हे म्या काढलंय. दावू?"

"दाव की."

तिनं पुस्तक माझ्याकडे वळवलं. म्हैस माझ्याकडे बघत होती. एक डोळा आभाळाकडे, एक माझ्याकडे, दोन्ही घोटून घोटून चकचकीत केलेले. मी इतकी जिवंत म्हैस आयुष्यात काढलेली नाही.

"छान काढलीस," मी म्हटलं. मला राहवलं नाही. "आणि हे रंग गं? ही सावली, हे झाड? हे कुणी केलं?"

तिनं पानाकडे नीट पाहिलं, पहिल्यांदाच पाहत असल्यासारखं. मग खांदे उडवले.

"ते आधीच हुतं."

मी दोन पायऱ्या चढून तिच्याशेजारी बसले आणि म्हटलं, "पुढचं पान दाव."